समुद्रावरील रसद : खांदेरीच्या होड्यांपासून नौदलाच्या हेलिकॉप्टरपर्यंत

प्रास्ताविक

आरमाराचा इतिहास लिहिताना जहाजांची संख्या, तोफांचा मारा, लढाईचा दिवस आणि सेनानीचे नाव या चार गोष्टींची नोंद बहुधा होते. त्या दिवसापर्यंत जहाजावरील माणसे काय खात होती, पिण्याचे पाणी कोठून भरले जात होते, दारूगोळा संपल्यावर नवा कोणी आणून दिला, या प्रश्नांना आपल्याकडील इतिहासलेखनात फारशी जागा मिळालेली नाही. किल्ल्यांच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. शिवनेरीवर गेलेला विद्यार्थी निदान अंबरखाना आणि गंगा-जमुना ही पाण्याची टाकी पाहून येतो, आणि किल्ला केवळ तटबंदीने टिकत नाही, धान्य व पाण्याने टिकतो, हे त्याच्या लक्षात येते. जहाज हाही एक तरंगता किल्लाच होय. फरक इतकाच, की या किल्ल्याला स्वतःचे टाके खोदता येत नाही. त्याचे कोठार रिकामे झाले की त्याला किनारा गाठावा लागतो, अथवा किनाऱ्याने त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते.

प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या पर्यायाचा, म्हणजे किनाऱ्याने जहाजापर्यंत पोहोचण्याचा, विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामी हेलिकॉप्टरचा उपयोग सुरू झाला. भर समुद्रात, चालत्या जहाजावर, आकाशातून दोरजाळीत बांधलेला माल उतरविण्याच्या या पद्धतीला नौदलांच्या परिभाषेत ‘व्हर्टिकल रिप्लेनिशमेंट’ म्हणतात आणि बोलण्यात त्याचे ‘व्हर्टरेप’ होते. ही पद्धत पूर्णपणे नवी, यंत्रयुगातील आणि परकी आहे असा सर्वसाधारण समज दिसतो. यंत्र नवे आहे यात शंका नाही. परंतु ज्या अडचणीवर हे यंत्र उपाय म्हणून आले, ती अडचण कोकण किनाऱ्याने फार पूर्वी अनुभवली होती, आणि त्या काळच्या साधनांनी सोडविलीही होती.

हेलिकॉप्टरने समुद्रावरील रसदीची रीत बदलली, पण तिचा मूळ नियम बदलला नाही, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे. अवजड माल पाण्यावरूनच जातो; तातडीचा माल हलक्या व चपळ वाहनाने जातो; आणि दोन्हींचे दुसरे टोक जमिनीवर, किनाऱ्याच्याही मागे असलेल्या मुलखात, बांधलेले असते. या नियमाची तपासणी महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील उदाहरणांच्या आधारे केली असून आवश्यक तेथे जागतिक इतिहासाचा संदर्भ घेतला आहे.

घाटमाथा, बंदर आणि जहाज

जुन्नर परिसरातील वाचकाला समुद्र दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या परिसराचे प्राचीन वैभवच समुद्राशी असलेल्या संबंधातून निर्माण झाले. सातवाहन काळात जुन्नर ही व्यापारी पेठ नाणेघाटाने कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडलेली होती. नाणेघाटातील नागनिकेचा शिलालेख आणि जुन्नरच्या लेण्यांतील यवनांच्या दानाचे लेख हे या दळणवळणाचे साक्षीदार आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात असल्याचीही नोंद आहे. बंदर अडविले म्हणजे घाटमाथ्यावरील पेठ अडचणीत येते, आणि घाट अडविला म्हणजे बंदर रिकामे पडते, हा परस्परसंबंध तेव्हापासूनचा आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या यादीत शिवनेरी आहे, तसेच अलिबागजवळच्या समुद्रातील खांदेरीही आहे. घाटावरचा डोंगरी किल्ला आणि समुद्रातील बेट एकाच संरक्षणव्यवस्थेचे घटक म्हणून जगासमोर आले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समुद्रातील रसदीचा विचार सुरू करण्यासाठी खांदेरीसारखे दुसरे उदाहरण नाही.

खांदेरी, १६७९ : वेढ्यातील रसद

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडीचा मुलूख ताब्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी हाती घेतली. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास प्रारंभ झाला. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात मराठ्यांनी तटबंदीचे काम सुरू केले. मायनाक भंडारी यांच्या हाताखाली सुमारे दीडशे माणसे बेटावर उतरली होती. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी सप्टेंबरात जहाजे पाठवून बेटाची कोंडी सुरू केली. १९ सप्टेंबर रोजी बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला चढविला. ‘डव्ह’ हे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती पडले. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाने मात्र प्रतिकार करून मराठ्यांच्या गलबतांना मागे हटविले. पुढे सिद्दीचे आरमारही इंग्रजांच्या मदतीला आले.

केवळ या लढाईच्या दिवसापुरते पाहिले, तर निकाल अनिर्णीत वाटतो. खांदेरीचा खरा निकाल मात्र लढाईच्या दिवशी लागला नाही. तो त्या आधीच्या व नंतरच्या रात्रींमध्ये लागला. बेटावर चुना, दगड, धान्य, पाणी, दारूगोळा आणि माणसे सतत पोहोचत राहणे आवश्यक होते. इंग्रजांची जहाजे मोठी, खोल बुडीची आणि वाऱ्यावर अवलंबून असलेली होती. बेट आणि थळचा किनारा यांमधील पाणी उथळ व खडकाळ होते. त्या पाण्यातून मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या अंधारात निघत, बेटावर माल टाकीत आणि उजाडण्यापूर्वी नागावच्या खाडीत परत येत. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागच्या जागी थांबत. वल्ह्यांना मात्र वाऱ्याची गरज नव्हती. मोठ्या तोफांना या लहान होड्यांवर नेम धरणे अवघड जाई. परिणामी कोंडी चालू असतानाच तटबंदी वाढत गेली, तिच्यावर तोफा चढल्या, आणि १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी समझोता करून माघार घेतली.

या प्रसंगातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रसद पोहोचविणारे वाहन लढाऊ जहाजापेक्षा वेगळ्या गुणांचे असावे लागते. आकार व तोफा यांपेक्षा हलकेपणा आणि कोठेही शिरण्याची क्षमता तेथे महत्त्वाची ठरते. दुसरी, शत्रूचे बळ ज्या माध्यमात आहे ते टाळून रसद न्यावी लागते. इंग्रजांचे बळ खोल पाण्यात आणि दिवसाउजेडी होते, म्हणून रसद उथळ पाण्यातून व रात्री गेली. तिसरी, बेटाच्या पाठीशी थळ-नागावचा किनारा होता आणि त्या किनाऱ्याच्या पाठीशी स्वराज्याचा मुलूख होता. होड्या कितीही चपळ असल्या, तरी किनाऱ्यावर भरलेले धान्य नसते तर त्या काय नेणार होत्या?

याच नियमाची दुसरी बाजू जंजिऱ्याच्या इतिहासात दिसते. जमिनीकडून वारंवार वेढा पडूनही जंजिरा मराठ्यांच्या हाती आला नाही, याचे एक प्रमुख कारण म्हणजे सिद्दीला समुद्राच्या बाजूने मिळत राहिलेली मदत. ही अडचण ओळखूनच १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनारा व किल्ला यांमधील खाडी भरून काढण्याचा प्रयत्न केला. मदतीची वाट मोकळी आहे तोवर तोफा निर्णायक ठरत नाहीत, हा धडा खांदेरीने इंग्रजांना दिला आणि जंजिऱ्याने मराठ्यांना.

आज्ञापत्रातील विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथातील आरमारविषयक प्रकरण अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. त्यातील लाकूडतोडीसंबंधीच्या सूचना सर्वपरिचित आहेत, कारण रयतेच्या झाडांविषयीची कळकळ त्यांत आहे. परंतु त्याच प्रकरणात आरमाराच्या खर्चाविषयी मांडलेला विचार तितकाच मोलाचा आहे. आरमाराची नेमणूक मुलखाच्या वसुलातून कायम करून द्यावी, बंदरातील उत्पन्नावर ती टाकू नये, असे अमात्य सांगतात. बंदराच्या पैदास्तीवर आरमार पोसले तर व्यापाऱ्यांस उपद्रव होईल आणि बंदरच ओस पडेल, हे त्यामागील कारण होय.

आजच्या भाषेत सांगायचे, तर हे रसदीचे अर्थशास्त्र आहे. समुद्रावर लढणाऱ्या माणसाच्या ताटातील भाकरी जमिनीवरील कोणत्या गावाने द्यायची, हे युद्ध सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे, असा या विचाराचा आशय आहे. मराठ्यांचे आरमार किनाऱ्यालगत वावरणारे होते आणि अडचणीच्या वेळी त्याने किल्ल्याच्या आश्रयाला यावे अशीच अपेक्षा होती. त्यामुळे भर समुद्रात महिनोन्‌महिने राहण्याचा प्रश्न त्याच्यापुढे आला नाही. युरोपीय आरमारांपुढे तो आला, आणि तेथूनच पुढील इतिहास सुरू होतो.

शिडापासून तेलापर्यंत

शिडाच्या जहाजाला इंधन लागत नसे. त्याचा पल्ला पाणी व शिधा यांनी ठरत असे. ताज्या भाजीफळांच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने दीर्घ सफरींत असंख्य खलाशी दगावत. ब्रिटिश आरमारातील वैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये संत्री व लिंबे यांचा उपयोग प्रयोगाने दाखविला. तरी ब्रिटिश आरमारात लिंबाच्या रसाचा सार्वत्रिक पुरवठा सुरू व्हायला १७९५ साल उजाडले. ताजी भाजी ही समुद्रावर चैनीची वस्तू नसून जीवनावश्यक वस्तू आहे, हे कळण्यासाठी मोजलेली ही किंमत होती.

वाफेच्या युगात इंधनाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. कोळसा जहाजातच वाहावा लागे आणि तो संपला की बंदर गाठावे लागे. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतले, त्यामागे मुंबई-सुएझ मार्गावर कोळशाचे ठाणे हवे हे एक महत्त्वाचे कारण होते. तेलावर चालणारी जहाजे आल्यानंतर चित्र पालटले, कारण तेल नळीतून देता येते. मे १९१७ मध्ये ‘मॉमी’ या अमेरिकी तेलवाहू जहाजाने अटलांटिक महासागरात विनाशिकांना चालता चालता तेल दिले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील अमेरिकी नौदलाचे सेनापती असलेले चेस्टर निमित्झ त्या वेळी याच जहाजावर अधिकारी होते.

या पद्धतीत दोन जहाजे समांतर, परस्परांपासून सुमारे तीस ते पन्नास मीटर अंतरावर, एकाच वेगाने चालतात. त्यांच्यामध्ये तारा ताणून तेलाच्या नळ्या व मालाच्या पेट्या सरकविल्या जातात. दोन जहाजांमधील पाण्याचा वेग वाढल्याने ती एकमेकांकडे ओढली जातात, म्हणून सुकाणूवरील माणसाला डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. नळ्या जोडलेल्या असेपर्यंत कोणत्याच जहाजाला मोकळेपणाने वळता येत नाही. पाणबुडीच्या दृष्टीने असे लक्ष्य सोयीचे असते. थोडक्यात, ज्या क्षणी जहाजाला अन्न व इंधन मिळते, त्याच क्षणी ते सर्वांत असुरक्षित असते.

हेलिकॉप्टरचा प्रवेश

मे १९४३ मध्ये अमेरिकी लष्करातील अधिकारी फ्रँकलिन ग्रेगरी यांनी सिकोर्स्की बनावटीचे हेलिकॉप्टर ‘बंकर हिल’ या तेलवाहू जहाजाच्या डेकवर उतरवून दाखविले. त्यानंतर जहाजावरून हेलिकॉप्टर वापरण्याचे प्रयोग वाढत गेले. १९६४ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेले ‘सॅक्रामेंटो’ हे रसदवाहू जहाज या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेल, दारूगोळा व शिधा एकाच जहाजावर आणि सोबत माल वाहणारी ‘सी नाइट’ हेलिकॉप्टरे, अशी त्याची योजना होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ही पद्धत नित्याची झाली.

तिची कार्यपद्धती वरवर साधी आहे. रसदवाहू जहाजाच्या डेकवर माल फळ्यांच्या चौकटीवर रचून दोरजाळीत बांधतात. हेलिकॉप्टर वर स्थिर राहते. खाली उभा असलेला नौसैनिक जाळीची कडी हेलिकॉप्टरच्या पोटाखालील हुकाला अडकवितो. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर विद्युतभार साठतो, म्हणून त्या हुकाला थेट हात लावता येत नाही. आधी तो भार उतरवावा लागतो. वैमानिकाला आपल्या खालचा माल नीट दिसत नाही, म्हणून दाराशी असलेला सहकारी त्याला ‘पुढे, डावीकडे, थांबा’ असे सांगत राहतो. दुसऱ्या जहाजावर माल टेकला की हुक सुटतो आणि हेलिकॉप्टर रिकाम्या जाळ्या, टपाल किंवा एखादा आजारी माणूस घेऊन परत फिरते. माल घेणाऱ्या जहाजावर हेलिकॉप्टर उतरण्याची सोय असलीच पाहिजे असे नाही. मोकळी जागा पुरते. जहाजांना जवळ येण्याची गरज राहत नाही. ज्या माध्यमात धोका आहे ते माध्यम टाळून माल जातो. खांदेरीच्या होड्यांनी खोल पाणी टाळले होते, हेलिकॉप्टरने पाणीच टाळले.

या पद्धतीच्या मर्यादाही आकड्यांतून दिसतात. भारतीय नौदलात दीर्घकाळ वापरले गेलेले चेतक हे हलके हेलिकॉप्टर हुकाला सुमारे ७५० किलो माल टांगून नेऊ शकते. एका जहाजावर २५० माणसे आहेत आणि दर माणशी दिवसाला दोन किलो शिधा लागतो असे गृहीत धरले, तर दहा दिवसांचा शिधा पाच टन होतो. म्हणजे चेतकच्या सात फेऱ्या. हे सहज शक्य आहे. इंधनाचे गणित मात्र निराळे आहे. २०११ मध्ये भारतीय नौदलात आलेले ‘दीपक’ हे तेलवाहू जहाज ताशी दीड हजार टन तेल देऊ शकते. तेवढा भार चेतकने न्यायचा म्हटले तर दोन हजार फेऱ्या होतील. म्हणूनच हेलिकॉप्टर आल्यानंतरही तेलाची नळी गेली नाही. तेल नळीतून, शिधा-टपाल-सुटे भाग हेलिकॉप्टरने, अशी कामाची वाटणी जगभर रूढ झाली.

भारतीय नौदल आणि आपला किनारा

अलुएत या फ्रेंच हेलिकॉप्टरच्या उत्पादनाचा करार १९६२ मध्ये होऊन १९६५ पासून बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेली हेलिकॉप्टरे मिळू लागली. महाराणा प्रताप यांच्या घोड्याचे ‘चेतक’ हे नाव त्याला देण्यात आले. १९६४ मध्ये ‘हंस’ हे नौदलाचे हवाई ठाणे गोव्यात दाबोळी येथे आले. १९६९ मध्ये चेतकचे ३२१ क्रमांकाचे पथक स्थापन झाले, तर १९७१ मध्ये सी किंग हेलिकॉप्टरांचे ३३० क्रमांकाचे पथक उभे राहिले. ३ जून १९७२ रोजी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट नौदलात दाखल झाली. हेलिकॉप्टरसाठी डेक व निवारा असलेल्या या वर्गातील जहाजांमुळे हेलिकॉप्टर हे विमानवाहू जहाजापुरते मर्यादित न राहता सामान्य युद्धनौकेचे अंग बनले. मुंबईतील कुलाब्याचे हेलिकॉप्टर ठाणे जानेवारी २००९ पासून ‘शिक्रा’ या नावाने ओळखले जाते.

रसदीचे महत्त्व १९७१ च्या युद्धातही दिसले. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका वेगवान होत्या, पण त्यांचा पल्ला तोकडा होता. त्यामुळे वाटेचा काही भाग त्यांना ओढून नेण्याची आणि सोबत इंधनाची व्यवस्था ठेवण्याची योजना करावी लागली. हा दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. त्यामागील इंधनाच्या योजनेचा उल्लेख भाषणांत क्वचितच येतो.

हेलिकॉप्टरने जहाजावरील माल वाहण्याचे एक ठळक भारतीय उदाहरण युद्धातील नसून विज्ञानाच्या क्षेत्रातील आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फाळ खंडावर पोहोचली. तेथे बंदर नव्हते, धक्का नव्हता. जहाज आणि बर्फ यांमधील दुवा म्हणून नौदलाची चेतक हेलिकॉप्टरे कामास आली. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ व ‘मैत्री’ ही केंद्रे उभी राहिली, त्यांच्या उभारणीतही जहाजातून हेलिकॉप्टरने माल नेण्याचा मोठा वाटा होता. येथे दिशा उलटी आहे, समुद्रातून जमिनीकडे. तत्त्व मात्र तेच आहे.

दुसरे उदाहरण मुंबईच्या दाराशी आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ येथे तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील फलाटांवर राहणाऱ्या माणसांची ने-आण जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने होते; पाइप, सिमेंट, यंत्रे असा अवजड माल उरणजवळच्या न्हावा येथील तळावरून जहाजांनी जातो. माणूस आणि तातडीची वस्तू आकाशातून, वजन पाण्यावरून, या वाटणीचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

ऑक्टोबर २००८ पासून भारतीय युद्धनौका एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध गस्त घालू लागल्या. घरापासून दूर, दीर्घकाळ समुद्रावर राहण्याची ही गरज पूर्वीपेक्षा मोठी होती. २७,५०० टन वजनाचे आणि एकाच वेळी चार जहाजांना तेल देऊ शकणारे ‘दीपक’ व त्याच वर्षी आलेले ‘शक्ती’ ही हेलिकॉप्टरची सोय असलेली जहाजे या गरजेशी सुसंगत होती. एप्रिल २०२३ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यासमोर आणखी एक प्रयोग झाला. इल्युशिन-३८ या नौदलाच्या विमानातून १५० किलो माल वाहणारी, देशात तयार झालेली पेटी छत्रीच्या साहाय्याने समुद्रात सोडण्यात आली. किनाऱ्यापासून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या जहाजाला तातडीचा सुटा भाग मिळावा, आणि त्यासाठी जहाजाला मागे फिरावे लागू नये, हा तिचा उद्देश होता. हेलिकॉप्टरचा पल्ला जेथे संपतो तेथून पुढची ही पायरी आहे.

मर्यादा आणि मोजलेली किंमत

कोणत्याही तंत्राचा इतिहास केवळ यशाचा नसतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांना बळी पडले. त्यावरील तीन अवजड चिनूक हेलिकॉप्टरे व सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे नष्ट झाली. उड्डाणात असलेले एकच चिनूक वाचले. हेलिकॉप्टरने नेण्याच्या योजनेवर विसंबलेल्या ब्रिटिश सैनिकांना पाठीवर ओझे घेऊन बेट पायी ओलांडावे लागले. हलक्या वाहनाचे कोठार एकाच मोठ्या जहाजात ठेवले की ते जहाजच दुखरी नस बनते.

आपल्या समुद्रात पावसाळा हा स्वतंत्र प्रतिपक्ष आहे. खांदेरीच्या वेढ्यात वाऱ्याने जहाजे थांबविली. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘पी-३०५’ हा २६१ माणसांचा निवासी तराफा मुंबईसमोर बुडाला, तेव्हा प्रथम युद्धनौकांनाच रात्रभर खवळलेल्या समुद्रात माणसे वेचावी लागली आणि वातावरणाने साथ दिल्यावर ‘शिक्रा’वरील हेलिकॉप्टरे त्यांना येऊन मिळाली. एकशे ऐंशीहून अधिक माणसे वाचली, अनेक गेली. शांततेच्या काळातील नित्याची उड्डाणेही निर्धोक नाहीत. तेलक्षेत्राकडे माणसे नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या अपघातांत ऑगस्ट २००३ मध्ये २७ आणि जानेवारी २०१८ मध्ये सात जण मृत्युमुखी पडले. ही माणसे कोणत्याही लढाईत नव्हती. ती कामावर चालली होती किंवा कामावरून परतत होती. रसदीच्या वाटेवर पडलेल्यांची स्मारके नसतात. म्हणून त्यांची दखल इतिहासाने घेणे अधिकच आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. नौदलाची पोहोच तोफेच्या पल्ल्याने नव्हे, तर रसदीच्या पल्ल्याने ठरते. हेलिकॉप्टरने जहाजांना रसद घेतानाच्या असुरक्षित अवस्थेतून बऱ्याच अंशी मुक्त केले, मात्र इंधनाच्या बाबतीत ते नळीची जागा घेऊ शकले नाही. लहान व चपळ वाहनाने मोठ्या शक्तीची कोंडी निष्फळ करणे हे तत्त्व १६७९ मध्ये खांदेरीस सिद्ध झालेले होते. विसाव्या शतकात ते नव्या साधनाने पुन्हा सिद्ध झाले. आणि समुद्रावरील प्रत्येक फेरीचे मूळ जमिनीवर असते, हा आज्ञापत्रातील विचार आजही तितकाच लागू आहे.

यातून अध्यापनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या पदवी अभ्यासक्रमात आरमार हा विषय आला, की तो सिंधुदुर्ग, कान्होजी आंग्रे आणि लढायांच्या तारखा यांपुरता उरतो. रसदीच्या अंगाने तो शिकविला तर इतिहासाबरोबरच भूगोल, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांनाही त्यात सहभागी होता येईल. थळच्या उथळ पाण्याचा अभ्यास भूगोलाचा आहे, आरमाराच्या नेमणुकीचा अर्थशास्त्राचा आहे, हेलिकॉप्टरच्या हुकावरील विद्युतभाराचा भौतिकशास्त्राचा आहे. जुन्नर-आंबेगावसारख्या, शेतमाल पिकविणाऱ्या आणि घाटांनी कोकणाशी जोडलेल्या परिसरातील विद्यार्थ्याला या अभ्यासासाठी समुद्र पाहिलेला असण्याची अट नाही. बाजारात भरली जाणारी भाजीची पाटी कोठवर जाते, हा प्रश्न त्याच्या परिचयाचा आहे. त्याच प्रश्नाचा माग काढीत तो थळच्या किनाऱ्यापर्यंत आणि तेथून पुढे डेकवर हुक धरून उभ्या असलेल्या अनाम नौसैनिकापर्यंत पोहोचू शकेल. मायनाक भंडारींचे नाव इतिहासाने जपले. त्यांच्यापर्यंत रात्रीच्या रात्री वल्ही मारीत धान्य नेणाऱ्यांची नावे जपली गेली नाहीत. निदान त्यांच्या कामाची नोंद वर्गात होणे, हे आपल्या हातात आहे.